संघ सोडून गेलेल्या खेळाडूची कामगिरी कशी जोखावी : वॉरियर्सची उदाहरणे

आपल्या आवडत्या संघातून गेलेला खेळाडू नव्या संघात कसा खेळतो आहे, हे पाहताना बहुतेक चाहते प्रथम त्याची प्रतिसामना गुणसरासरी पाहतात आणि तेवढ्यावरच निकाल देऊन मोकळे होतात. बास्केटबॉलमध्ये ही सरासरी फार फसवी असते, कारण खेळाडूने किती गुण केले हे ती सांगते, पण त्याला किती संधी मिळाली हे सांगत नाही. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाचे माजी खेळाडू अभ्यासले, तर ही गोष्ट स्पष्ट होते.

सुरुवात हॅरिसन बार्न्सपासून करावी. २०१५-१६ च्या हंगामात वॉरियर्सने ७३ सामने जिंकले, तेव्हा त्याची सरासरी ११.७ गुणांची होती. पुढच्याच हंगामात डॅलस मॅव्हरिक्सकडून खेळताना ती १९.२ झाली. येथे पहिले काम मिनिटे तपासण्याचे आहे. सरासरी गुणांना सरासरी मिनिटांनी भागून ३६ ने गुणावे, म्हणजे दोन्ही हंगाम एका मापात येतात. बार्न्स आधी सामन्यामागे ३०.९ मिनिटे खेळत असे, नंतर ३५.५ मिनिटे खेळू लागला. म्हणून ३६ मिनिटांमागे त्याचे गुण साधारण १३.६ वरून १९.५ वर गेले. वाढ मिनिटांपुरती नव्हती, हे यातून कळते. दुसरे काम त्याने घेतलेले शॉट मोजण्याचे. ते सामन्यामागे सुमारे १० वरून १६ वर गेले होते आणि अचूकता दोन्हीकडे ४७ टक्क्यांच्या आसपास राहिली. करी, थॉम्पसन आणि ग्रीन या वॉरियर्सच्या प्रमुख खेळाडूंबरोबर खेळताना जो चेंडू त्याच्या वाट्याला येत नव्हता, तो डॅलसमध्ये येऊ लागला. तेवढ्याच अचूकतेने दीडपट भार पेलला, हे माझ्या मते त्याचे खरे यश आहे, जरी त्या हंगामात डॅलसला ३३ विजयांवर थांबावे लागले.

डॉन्टे डिव्हिन्चेन्झोला हीच कसोटी लावून पाहावी. वॉरियर्सकडे ९.४ गुणांची सरासरी असलेला हा खेळाडू २०२३-२४ मध्ये न्यूयॉर्क निक्सकडून १५.५ वर पोहोचला आणि त्याने एका हंगामात २८३ थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) मारून निक्सचा विक्रम केला. त्याची थ्री-पॉइंटरची अचूकता मात्र दोन्ही हंगामांत ४० टक्क्यांच्या आसपासच होती. हात तोच होता, फक्त प्रयत्न वाढले होते.

अचूकता मोजताना फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे, एकेका गुणाचे मोकळे शॉट) आणि थ्री-पॉइंटर यांचाही हिशेब धरावा. त्यासाठी फ्री थ्रोच्या प्रयत्नांना ०.४४ ने गुणून ते शॉटच्या संख्येत मिळवावेत, बेरजेची दुप्पट करावी आणि एकूण गुणांना त्या आकड्याने भागावे. १५ शॉट आणि ५ फ्री थ्रो घेऊन २० गुण केले असतील, तर उत्तर सुमारे ५८ टक्के येते.

कामगिरी घसरते तेव्हाही हीच काळजी घ्यावी. जॉर्डन पूल २०२३ मध्ये वॉशिंग्टन विझार्ड्सकडे गेला आणि मिनिटे जवळपास तेवढीच, ३० च्या आसपास, राहूनही त्याची सरासरी २०.४ वरून १७.४ वर आली. येथे मिनिटांची सबब चालत नाही. पण वॉरियर्सकडे प्रतिस्पर्ध्यांचे दोन-दोन बचावपटू करीभोवती गुंतलेले असत आणि पूलला मोकळी जागा सापडे. केवळ १५ सामने जिंकणाऱ्या विझार्ड्समध्ये ती सोय नव्हती. दुसऱ्या हंगामात त्याची सरासरी २०.५ झाली. म्हणून पहिल्या वर्षावरून कोणालाही अपयशी ठरवू नये, असे मला मनापासून वाटते.

क्ले थॉम्पसनच्या बाबतीत आकड्यांबरोबर प्रत्यक्ष खेळही पाहणे योग्य. ५ डिसेंबर २०१६ रोजी इंडियानाविरुद्ध त्याने २९ मिनिटांत ६० गुण केले, तेही चेंडू अवघा ११ वेळा ड्रिबल करून. सहकाऱ्यांच्या स्क्रीनमागून (बचावपटूची वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याच्या आडून) सतत धावत राहायचे आणि पास हातात येताच शॉट मारायचा, ही त्याची शैली वॉरियर्सच्या रचनेतच फुलली. २०२४ मध्ये तो डॅलसला गेला, त्या हंगामात त्याची सरासरी १७.९ वरून १४ वर आली. पण फेब्रुवारीत डॅलसच्या डॉन्चिचचा ट्रेड झाला, म्हणजे अदलाबदलीत तो दुसऱ्या संघाकडे गेला, आणि मार्चमध्ये त्याच संघातला अर्व्हिंग जायबंदी झाला, म्हणजे पास देणारे दोन प्रमुख हात गेले. अशा वेळी हंगामाचे ट्रेडपूर्वी आणि ट्रेडनंतर असे दोन भाग करून तुलना करावी.

दुखापतीचे वर्ष तुलनेत धरूच नये. केव्हिन ड्युरँट ब्रुकलिनला गेला तो अकिलीसची (टाचेमागच्या स्नायुबंधाची) गंभीर दुखापत घेऊन, त्यामुळे २०१९-२० मध्ये तो एकही सामना खेळला नाही. त्यानंतरच्या हंगामात मात्र त्याची सरासरी २६.९ होती.

जुन्या संघाविरुद्धचा सामना आवर्जून पाहावा, पण हिशेबात त्याला एका सामन्याइतकेच वजन द्यावे. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी थॉम्पसन वॉरियर्सच्या मैदानावर, सॅन फ्रान्सिस्कोत परतला, सहा थ्री-पॉइंटरसह २२ गुण करून गेला, आणि तरीही वॉरियर्स १२०-११७ असे जिंकले. तिथल्या संध्याकाळी सातचे असे सामने हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठला सुरू होतात.