बद्धकोष्ठतेवरचे घरगुती उपाय: कोणते करावेत आणि कोणत्या क्रमाने

रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे, असा आग्रह आपल्या घरांतून लहानपणापासून धरला जातो. वास्तविक दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यांपैकी कोणतेही प्रमाण निरोगी माणसात आढळते. त्याहून कमी वेळा शौचास होणे, मळाचे खडे पडणे, बराच वेळ कुंथावे लागणे आणि उठल्यावरही पोट मोकळे न वाटणे, ही बद्धकोष्ठतेची लक्षणे होत. मोठे आतडे मळातील पाणी शोषून घेत असते, त्यामुळे मळ तेथे जितका रेंगाळतो तितका तो कोरडा आणि घट्ट होत जातो. म्हणून मळात ओलावा टिकवणे आणि वेग आला की तो न अडवणे, या दोन गोष्टी आधी साधाव्यात. चूर्णाच्या डबीकडे त्यानंतर वळावे.

सुरुवात न्याहारीपासून करावी. इंदूरमध्ये मराठी घरांतही सकाळ पोहे-जिलबीची असते, आणि पोहे हलके असले तरी त्यांत चोथा फार थोडा असतो. वर पेरलेली शेव आणि सोबतची मैद्याची जिलबी त्यात फारशी भर घालत नाही. दुपारी कचोरी आणि रात्री सराफा बाजारातल्या खाऊगल्लीत चक्कर झाली, तर दिवसभरात पोटात गेलेले पुष्कळसे अन्न मैदा, बेसन आणि तेल यांचेच असते. पोहे सोडण्याची मुळीच गरज नाही. घरी करताना त्यांत मटार किंवा मोड आलेले मूग भरपूर घालावेत, शेव चिमूटभर ठेवावी आणि जिलबीच्या जागी पपईची फोड किंवा बियांसकट पेरू खावा. मोठ्या माणसाला दिवसाकाठी साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ लागतात आणि १०० ग्रॅम पेरूतून त्यांतले ५ ग्रॅम तरी सहज मिळतात. कणीक चाळून कोंडा टाकून देण्याची सवय सोडावी, आठवड्यातून काही दिवस ज्वारीची भाकरी करावी, आणि जेवणात सालीसकट मुगाची आमटी, पालेभाजी व काकडी-गाजराची कोशिंबीर असावी. रात्री भिजवलेली तीन-चार अंजिरे किंवा मूठभर काळ्या मनुका सकाळी भिजवलेल्या पाण्यासकट घ्याव्यात. हा बदल मात्र दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करावा, कारण एकदम चोथा वाढवला की पोट फुगते, वायू धरतो आणि माणूस कंटाळून सारेच सोडून देतो.

पाण्याबद्दल स्पष्ट सांगितले पाहिजे. मुळात पुरेसे पाणी पिणाऱ्याने आणखी तांबेभर पाणी रिचवल्याने फारसा फरक पडत नाही. परंतु मे महिन्यात माळव्याच्या उन्हात फिरणाऱ्यांना, तहान मंदावलेल्या वृद्धांना आणि चोथा वाढवलेल्या प्रत्येकाला पाण्याची आठवण ठेवावीच लागते.

या सर्वांत माझा सर्वाधिक भरवसा इसबगोलावर आहे. तो आपल्याच भागात, नीमच-मंदसौरकडे पिकतो आणि कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. ही एका बीची साल असून ती आतड्यात पाणी धरून ठेवते, त्यामुळे मळ मऊ आणि भरदार होतो. एक चमचा भुसी पेलाभर पाण्यात टाकून ढवळावी आणि लगेच प्यावी. थोडा वेळ तशीच ठेवली तर तिचा घट्ट, बुळबुळीत गोळा होतो आणि घशाखाली उतरत नाही. त्यामागून आणखी एक पेला पाणी प्यावे, ही अट कधीही मोडू नये, कारण अपुऱ्या पाण्यात घेतलेली भुसी घशात किंवा आतड्यात अडकू शकते. गिळण्याचा त्रास असलेल्यांनी ती घेऊच नये. सोसली तर हळूहळू दोन चमच्यांपर्यंत जावे. गुण यायला १२ तासांपासून तीन दिवस लागू शकतात, तेव्हा पहिल्याच सकाळी निराश होऊ नये. इतर औषधे आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचे अंतर असावे.

आहाराइतकेच महत्त्व वेळेला आहे. खाल्ल्यानंतर, विशेषतः सकाळच्या न्याहारीनंतर, मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते; ती वेळ शाळेच्या बसच्या किंवा ऑफिसच्या घाईत दवडू नये. अर्धा तास लवकर उठावे, काहीतरी कोमट प्यावे, खावे आणि मग निवांत बसावे. उकिडवे बसल्याने गुदमार्ग अधिक सरळ होऊन कमी कुंथावे लागते, म्हणून कमोड वापरणाऱ्यांनी पायांखाली वीतभर उंचीचे स्टूल घ्यावे, गुडघे कमरेच्या वर येऊ द्यावेत आणि किंचित पुढे झुकावे. मोबाईल बाहेर ठेवावा. दहा मिनिटांत झाले नाही तर उठावे. रोजचे अर्धा तास चालणेही उपयोगी पडते.

बाजारातल्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला डिवचून काम करते, त्यामुळे एखाद्या वेळी चालेल, पण वैद्यकीय सल्ल्यावाचून महिनोन्‌महिने घेऊ नये. गरोदरपणी एरंडेल घेऊ नये, आणि लहान मुलांना कोणताही रेचक डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये.

मळात रक्त दिसणे, कारणावाचून वजन घटणे किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलणे, यांपैकी काहीही असल्यास घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. पोट फुगून दुखत असेल, उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर इसबगोलही न घेता थेट रुग्णालय गाठावे. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी, कारण लोह, कॅल्शियम आणि काही वेदनाशामके यांमुळेही पोट धरते. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद न करता ती बदलता येईल का, हे विचारावे.