व्याकरण सुधारताना या चुका टाळा

मराठी शिकणारा विद्यार्थी म्हणतो, "मी पत्र लिहिलो." शिक्षक कौतुकाने विचारतात, "अरे वा, तू पत्र लिहिलंस? कोणाला?" तो सांगतो, "मित्राला." गप्पा छान झाल्या, चूक मात्र जागच्या जागी राहिली. त्याला वाटलं, आपल्याला पत्राबद्दल विचारतायत. शिवाय 'लिहिलंस'मधला 'स' आला 'तू'मुळे. 'मी'बरोबरचं रूप त्याच्या कानावर पडलंच नाही.

बोलता बोलता वाक्य दुरुस्त करून म्हणण्याची ही सवय सगळीकडे दिसते. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांवरचा रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. तिथे शिक्षकांच्या निम्म्याहून जास्त दुरुस्त्या याच प्रकारच्या होत्या आणि मुलांचा सर्वांत कमी प्रतिसादही यालाच होता. शिक्षक मुलांकडूनच उत्तर काढून घेत, तेव्हा मात्र मुलं दर वेळी काहीतरी बोलत.

म्हणून उत्तर आयतं देऊ नका. "मी पत्र...?" एवढंच म्हणा आणि थांबा. ही शांतता शिक्षकालाच जास्त जड जाते, पण विद्यार्थी विचार करतो तो तेव्हाच. नाही जमलं तर इशारा द्या: "क्रियापद कोणाप्रमाणे बदलेल, तुझ्याप्रमाणे की पत्राप्रमाणे?" तरीही अडला तर सरळ सांगा, पण पूर्ण वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्या. नियम शिकवलेलाच नसेल तर मात्र प्रश्न विचारून त्याला ताटकळत ठेवू नका.

तो मनापासून काही सांगत असेल, तर मध्येच तोडू नका. चूक टिपून ठेवा, बोलणं संपल्यावर घ्या.

वहीतली प्रत्येक चूक लाल करणं हीसुद्धा चूकच. १९९६ साली भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी लेखनातली व्याकरणदुरुस्ती बंदच करावी असं मांडलं आणि मोठा वाद झाला. इतकं टोक मला पटत नाही. पण एका वेळी एकच नियम धरावा: या आठवड्यात फक्त भूतकाळ, लिंगाच्या चुका पुढच्या वेळी.

नियम कळल्यावर तोच विद्यार्थी "मी लवकर झोपलं" म्हणू लागेल. "पुन्हा चुकलास" म्हणू नका. तो नियम वापरून पाहतोय. 'मी पत्र लिहिलं' आणि 'मी लवकर झोपलो' ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहा आणि कर्म कुठल्या वाक्यात आहे ते त्यालाच शोधायला सांगा.