माणूसघाण्या लेखकाची प्रेमकथा लिहिताना

मी एकांकिका लिहिते. असा नायक घ्यायचा असेल, तर आधी वही घेऊन ‘अ‍ॅज गुड अ‍ॅज इट गेट्स’ (१९९७) बघा. जॅक निकल्सन आणि हेलन हंट, दोघांनाही त्यासाठी ऑस्कर मिळालं.

‘तो एकाकी होता’ असं लिहूच नका. त्याच्या सवयी दाखवा. या सिनेमाचा नायक, न्यूयॉर्कमधला लेखक मेल्विन (निकल्सन), हात धुताना साबणाची नवी वडी उघडतो, जराशी वापरतो आणि टाकून देतो. हॉटेलात स्वतःचे प्लास्टिकचे काटे-चमचे नेतो. फुटपाथवरच्या भेगांवर पाय पडू देत नाही. हसू तिथूनच येतं, पण आजाराची टिंगल नको. मला ती सहन होत नाही.

मग ती घडी विस्कटा. रोजची वेट्रेस कॅरल मुलाच्या दम्यामुळे कामावर येत नाही, तेव्हा हा डॉक्टर पाठवतो. तिने परत येऊन आपल्याला वाढावं म्हणून! हा स्वार्थ झाकू नका, प्रेमाला तिथूनच वाट मिळते.

शेजाऱ्याचा कुत्राही विसरू नका. ज्याला कचऱ्याच्या नळीत ढकललं, तोच परत देताना मेल्विन रडतो.

शेवटी सगळ्या सवयी सोडवू नका. पहाटे बेकरीपाशी त्याचा पाय भेगेवर पडतो, एवढंच.