दुभाष्यांनो, हात खाली ठेवा: सांकेतिक भाषेच्या कामात मनगट बिघडवणाऱ्या या चुका टाळा

सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी ही कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयापुढे हजर झाली. सुनावणी ऑनलाइन होती. दुभाष्याचे हात ज्या वेगाने चालत होते, त्याचं सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनीही कौतुक केलं. आमच्या दुभाष्यांच्या ग्रुपवर ती बातमी दिवसभर फिरत होती. आनंद मलाही झाला. पण 14 वर्षं हेच काम करून उजवा अंगठा बिघडवून बसलेल्या बाईच्या मनात आधी हिशेब येतो: सलग किती वेळ? जोडीला दुसरं कोणी होतं का?

वेग सगळ्यांना दिसतो. हात खाली कधी ठेवले ते कोणी बघत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात ‘नॅशनल टेक्निकल इन्स्टिट्यूट फॉर द डेफ’ ही संस्था आहे. तिथे दुभाषे रोज कॉलेजच्या वर्गांत उभे राहतात. 1980च्या दशकाच्या अखेरीला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे हात दुखायला लागले, तेव्हा कुठे या दुखण्याकडे शास्त्राचं लक्ष गेलं. मायकल फॉयरस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्याने हात दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या दुभाष्यांना काम करताना पाहिलं, मोजलं, आणि 1992 मध्ये निष्कर्ष मांडले. दुखणाऱ्यांचे हात मधेमधे कमी वेळा टेकत होते. मनगट सरळ रेषेतून जास्त वेळा वाकडं होत होतं, हात अंगापासून जास्त लांब जात होते आणि चालही जलद होती. म्हणजे काम तेच असलं, तरी ते करायच्या सवयी वेगळ्या होत्या. सवय असेल तर ती बदलता येते, एवढ्या आशेवर पुढचं लिहितेय.

वक्ता थांबला तरी हात हवेतच

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहते, शिकाऊ मुलांमध्ये आणि 20 वर्षं काम केलेल्यांमध्येही. वक्ता पाणी पितो, चष्मा शोधतो, पुढची स्लाइड येईना म्हणून मागे बघून कुणाला तरी हाक मारतो. आपण मात्र छातीपाशी दोन्ही हात उचलून, बोटं अर्धवट उघडी ठेवून तयार! स्नायू हलत नाहीत म्हणून आपल्याला वाटतं की विश्रांती चाललीय. पण एक तांब्या हात लांब करून दोन मिनिटं नुसता धरून बघा. न हलवता धरणं हेच तर थकवणारं असतं.

वाक्य संपलं की हात खाली. उभं असाल तर पोटाच्या खाली, एकावर एक सैल. बसला असाल तर मांडीवर. बोटं एकमेकांत घट्ट गुंफू नका, ती विश्रांती होत नाही. तीन सेकंद मिळाले तरी घ्या. तासाभरात असे कितीतरी तीन सेकंद सापडतात.

ते न सापडण्याचं एक कारण म्हणजे आपण शब्दाच्या मागे धावतो. आपल्याकडचा वक्ता सुरुवात कशी करतो? “तर मित्रहो, म्हणजे मला असं म्हणायचंय की, एका अर्थाने बघायला गेलं तर, आपण सगळेच जण…” एवढ्यात नवीन दुभाष्याचे सात-आठ साइन, म्हणजे हाताच्या खुणा, होऊन जातात. जुना दुभाषी अजून हात खालीच ठेवून ऐकत असतो, कारण अर्थ अजून आलेलाच नाही. वक्त्याच्या थोडं मागे राहून अर्थ पकडला की साइन कमी लागतात आणि समोरच्या कर्णबधिर माणसालाही नीट कळतं. माझ्या एका कर्णबधिर मैत्रिणीने मला एकदा सरळ सांगितलं होतं, “तू सांगत नाहीस, टाइप करतेस.” राग आला होता. पण तिचं बरोबर होतं.

स्वतःचं दहा मिनिटांचं काम मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि हात किती वेळा पूर्ण खाली आले ते मोजा. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये दोनदा आले होते. त्यातलं एकदा केस मागे घेण्यासाठी.

24 अक्षरं

भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दोन्ही हातांनी दाखवतात. बऱ्याच अक्षरांना एक हात फळ्यासारखा धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने त्यावर ‘लिहायचं’. आता ‘छत्रपती संभाजीनगर’ इंग्रजी स्पेलिंगने काढून बघा: 24 अक्षरं. आणि प्रशासकीय बैठकीत हे नाव दर दोन मिनिटांनी येतं.

इथे हाताच्या व्यायामाआधी तयारी कामाला येते. गावांना, पुढाऱ्यांना, खात्यांना स्थानिक कर्णबधिरांमध्ये बहुतेक वेळा स्वतःचे साइन असतात. कार्यक्रमाआधी पाच मिनिटं लवकर जाऊन तिथल्याच कोणाला तरी विचारून घ्या. साइन नसेल, तर एकदा पूर्ण स्पेलिंग दाखवा आणि पुढच्या वेळेसाठी छोटी खूण दोघांत ठरवून टाका. तांत्रिक शब्दांसाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश आहे. 2021च्या तिसऱ्या आवृत्तीतच त्यात 10,000 शब्द झाले होते. आदल्या रात्री अर्धा तास त्यात घालवलात, तर दुसऱ्या दिवशी बोटांची कितीतरी अक्षरं वाचतात. आणि पीपीटी मागून घ्या. “पीपीटी अजून झाली नाहीये मॅडम” हे उत्तर येणारच, तरीही मागा. निदान नावांची यादी तरी मिळते.

“ताई, फक्त दोन तासच आहेत”

सलग काम करताना साधारण अर्ध्या तासानंतर दुभाष्याच्या चुका वाढायला लागतात, हे बार्बरा ब्रेसल यांनी 1976 मध्येच दाखवलं होतं. म्हणूनच जगभरात दोघांनी मिळून 20 ते 30 मिनिटांनी पाळी बदलायची पद्धत पडली. आपल्याकडे अजून हे दरवेळी नव्याने समजावून सांगावं लागतं.

माझा हात एकट्यानेच काम स्वीकारल्यामुळे गेला. तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुसऱ्या दुभाष्याचं नाव आदल्या संध्याकाळी बजेटमधून कापलं गेलं आणि मला फोन आला, “तुम्हाला तर सवय आहे.” मीही फुशारून हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीची किल्ली फिरवली आणि अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की किल्ली तशीच सोडून पायरीवर बसले. पुढचे चार महिने पोळ्या नवऱ्याने लाटल्या. त्यांचे आकार हा वेगळा विषय आहे.

तेव्हापासून काम घेताना एकच मजकूर पाठवते: “कार्यक्रम तासापेक्षा मोठा असेल तर दोन दुभाषे लागतील. मानधन दोघांचं वेगळं. नावांची यादी आदल्या दिवशी मिळावी.” यावर काही कामं जातात. जाऊ देत.

दोघं असलात तर आणखी एक सांगते. आपली पाळी संपली की बाजूला बसून आपण काय करतो? मोबाइल काढून अंगठ्याने मेसेज. अंगठ्याच्या ज्या शिरांना (रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) आत्ता सुटी द्यायची होती, त्यांनाच परत कामाला लावलं.

मोठं स्टेज, मोठे हात

समोर पाचशे माणसं असली की आपोआप हात खांद्याच्या वर जातात, तळव्यावर मूठ जोरात आपटते, प्रत्येक साइन झटक्याने संपतो. मागच्या रांगेला दिसावं म्हणून. पण मागच्या रांगेला दिसण्याचा इलाज कॅमेरा आणि पडदा हा आहे, तुमचा खांदा हा नाही. आयोजकांना सांगून कर्णबधिरांची बसायची जागा पुढे करून घ्या. मानसिक ताण वाढला की हाताचा वेग आणि झटका दोन्ही वाढतात, हेही मोजमापातून दिसलेलं आहे. त्यामुळे वक्ता चिडला, प्रश्नोत्तरं तापली, की त्या क्षणी खांदे जाणूनबुजून खाली सोडा.

ऑनलाइन कामात याच्या उलट होतं. लॅपटॉप टेबलावर, चौकट छातीवर कापलेली. मग हात चौकटीत बसावेत म्हणून आपण ते हनुवटीपर्यंत उचलून काम करतो, तेही तासन्‌तास. खुर्ची दोन वीत मागे घ्या, कॅमेरा थोडा खाली वळवा, कमरेपर्यंत दिसू द्या. खुर्चीला हात असतील तर ती बदला, कोपर आपटतात. स्टुडिओतला एसी फार थंड असेल तर सुरू करण्याआधी गरम पाण्याची बाटली पाच मिनिटं हातात धरा आणि मुठी सावकाश उघडझाप करा.

नेमकं कुठे दुखतंय?

“हात दुखतोय” एवढ्यावर थांबू नका. जागेवरून बरंच कळतं.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल, बाटलीचं झाकण फिरवताना किंवा कपडे पिळताना कळ येत असेल, तर अंगठ्याच्या दोन शिरा ज्या नळीतून जातात तिथे सूज असू शकते. याला ‘डी क्वेर्वेन’ म्हणतात, 1895 मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या स्विस सर्जनच्या नावावरून. माझं हेच होतं. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवायची चाचणी नेटवर सगळीकडे दिसते. पण जोरात केली तर धडधाकट माणसालाही दुखतं, त्यामुळे तेवढ्यावरून स्वतःच निदान ठरवू नका.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता जास्त: कार्पल टनेल. इथे मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण हेही बघावं लागतं. सगळा दोष साइनवर टाकू नका.

करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, तर ती कोपराची नस. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ना, तीच. आपण दिवसभर कोपर वाकवून काम करतो, मग फोन कानाला लावतो आणि रात्री हात दुमडून उशीखाली घेऊन झोपतो. झोपताना कोपराभोवती जुना टॉवेल सैल गुंडाळून बघा, वाकत नाही.

बधिरपणा कायमचा राहत असेल, हातातून कप निसटत असेल किंवा अंगठ्याखालची गादी बसल्यासारखी दिसत असेल, तर वाट बघू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.

इलाज करतानाच्या चुका

दुखण्याची गोळी घेऊन स्टेजवर चढणं ही पहिली. दुखणं म्हणजे सूचना असते, ती बंद करून आपण त्याच जागेवर आणखी तीन तास काढतो.

दुसरी, मनगटाला कडक पट्टा बांधून साइन करणं. पट्टा मनगट अडवतो, साइन मात्र व्हायलाच हवा असतो, म्हणून कोपर आणि खांदा जास्त फिरतात आणि आठवड्यात दुखणं वर सरकतं. पट्टा विश्रांतीसाठी असतो. कार्पल टनेलमध्ये तर मुख्यतः रात्री. तिसरी, सुजलेल्या शिरेवर तेल लावून कचकचून मालिश. आजीच्या हातून झाली तरी तीही चूकच.

आणि डॉक्टरांना काम नीट न सांगणं. ते विचारतात, “कॉम्प्युटरवर काम का?” आपण संकोचून “हो, तसंच काहीसं” म्हणतो. तसं करू नका. आपलं काम करतानाचं दोन मिनिटांचं व्हिडिओ क्लिप दाखवा. माझ्या फिजिओथेरपिस्टने ते पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की माझा अंगठा साइन नसतानाही ताठ उभा असतो. कोणत्याही व्यायामाआधी मला हा अंगठा खाली पाडायला शिकावं लागलं.

घरचं कामही फिजिओथेरपिस्टला सांगा. लाटणं, पिळणं, अंगठे बगलेत घालून बाळ उचलणं, ट्रॅफिकमध्ये तासभर ब्रेकवर बोटं: हे सगळं त्याच शिरांच्या खात्यात जमा होतं.

दुखणं लपवणं

आमचं क्षेत्र लहान आहे. “तिचा हात गेलाय” असं एकदा पसरलं की फोन येणं थांबतं, ही भीती खोटी नाही. म्हणून सगळे लपवतात, आणि सहा आठवड्यांत बरं झालं असतं ते वर्षभर रेंगाळतं.

हाताला सुटी असताना करण्यासारखं काम असतं. कर्णबधिर वक्त्याचे साइन पाहून ते बोलून दाखवणं, ज्यात हात मांडीवरच राहतात. जोडीदाराला आकडे आणि नावं हळूच पुरवणं. शिकाऊ मुलांचे व्हिडिओ तपासणं. मी चार महिने हेच केलं, पैसे कमी मिळाले पण नाव टिकलं.

परत सुरू करताना पहिले दोन आठवडे जोडीदाराशिवाय काम घेऊ नका. पाळी 10 मिनिटांची ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा आहे ते बघून मगच 15 करा. त्याच संध्याकाळचा अंदाज धरू नका, या शिरा उशिरा बोलतात.