वृद्धाश्रम निवडताना सुरक्षितता आणि दर्जा कसा तपासावा

वृद्धाश्रम पाहायला जाणाऱ्या कुटुंबाला संस्था बहुतेक वेळा दिवसा बोलावते. त्या वेळी आवार झाडलेले असते, भजनाचा हॉल उघडा असतो आणि हिंडते-फिरते रहिवासी ओट्यावर बसलेले असतात. हे सगळे चांगलेच आहे; पण वृद्ध माणसाच्या जिवाला मोठा धोका असतो तो मध्यरात्रीनंतर, खाटेपासून संडासापर्यंतच्या दहा-बारा पावलांत. म्हणून मराठवाड्यातल्या कोणत्याही जिल्ह्यात आई-वडिलांसाठी, किंवा मागेपुढे कोणी नसलेल्या काका-मावशीसाठी संस्था शोधत असाल, तर तपासणी तिथूनच सुरू करावी. बाग आणि मंदिर शेवटी पाहावे.

पहिली भेट दिवसा झाली असली, तरी दुसरी रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी. रात्रपाळीला किती जण असतात, त्यांतले जागे किती असतात आणि अंथरुणाला खिळलेले रहिवासी किती आहेत, हे व्यवस्थापकांना स्पष्ट विचारावे आणि हजेरीपट पाहायला मागावा. एकूण रहिवाशांच्या आकड्यावरून काहीच कळत नाही, कारण चाळीस चालत्या माणसांपेक्षा दहा खिळलेल्या माणसांना जास्त हात लागतात. मग एखाद्या रिकाम्या खाटेवर स्वतः आडवे होऊन पाहावे: घंटेचे बटण झोपल्या जागेवरून हाताला लागते का, ते दाबल्यावर कोणी येते का आणि किती वेळाने येते. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा असतो का, आणि वीज गेल्यावर तो इन्व्हर्टरवर चालतो का, हेही त्याच वेळी कळते.

पडण्याविषयी एक प्रश्न जरूर विचारावा: रात्री कोणी पडले तर तुम्ही काय करता? पडलेल्या माणसाला लगेच ओढून उभे करत नाही, आधी डोके, मान आणि खुबा पाहतो, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल तर वरवर ठीक दिसले तरी दवाखान्यात नेतो, घरी कळवतो आणि नोंदवहीत लिहितो, असे उत्तर मिळाले, तर ती माणसे शिकलेली आहेत असे समजावे. ‘आमच्याकडे कोणी पडतच नाही’ या उत्तराने मात्र समाधान मानू नये. जिथे वृद्ध माणसे राहतात तिथे कधी ना कधी कोणीतरी पडतेच. नोंद नसेल तर त्या पडण्यातून कोणी काही शिकलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

न्हाणीघर आणि संडास यांना मी सगळ्यांत जास्त वेळ देईन. कमोडची बैठक जमिनीपासून साधारण ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच असावी, म्हणजे गुडघे दुखणाऱ्याला उठता येते. शेजारचा आधाराचा दांडा भिंतीत पक्का बसवलेला आहे का, हे आपले वजन टाकून पाहावे. टॉवेल वाळत घालायची नळी हा आधार नव्हे. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे आणि कडी बाहेरून काढता यावी, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगाने आत उघडणारे दार अडून बसते. उंबरठा नसावा, फरशी ओली असताना घसरू नये. पाणी तापवायला बादलीत सोडलेली हिटरची कॉइल दिसली, तर ती संस्था मी नाकारीन: तिने शॉक बसतो, आणि मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेल्या माणसाला पाणी किती कढत आहे हे भाजेपर्यंत कळत नाही. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार १:१२ असावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फुटांची लांबी हवी. अनेक ठिकाणी दोन पायऱ्यांवर सिमेंट थापून केलेला उतार असतो, त्यावरून खुर्ची मागे कलंडते.

इमारतीबद्दल आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत माणसे दगावली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड छते कोसळून. तशा जुन्या वाड्यात, ज्यांना स्वतः उठून बाहेर पळता येत नाही अशा माणसांना ठेवणे योग्य नाही, मग वाडा कितीही प्रशस्त असो. आगीसाठी ‘फॉर्म बी’ मागावा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार, इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे हे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. खिळलेल्या रहिवाशांची खोली तळमजल्यावरच असावी.

आता उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि वयामुळे तहानेची जाणीव व घाम दोन्ही कमी झालेले असतात. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल, तर अंगातले पाणी कोणाच्या लक्षात न येता उतरते. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा केवळ गरम वारा फिरवतो. म्हणून पत्र्याच्या छताखाली खाटा आहेत का, कूलर किती आहेत, त्यांचे पाणी आठवड्याला बदलले जाते का (नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात), आणि दुपारी दर तासा-दोन तासांनी कोणी हातात पाणी, ताक किंवा सरबत नेऊन देते का, हे विचारावे. माठ कोपऱ्यात भरून ठेवला म्हणजे काम झाले, असे मुळीच नाही; जो उठू शकत नाही त्याच्यासाठी तो माठ नसल्यासारखाच आहे. ज्याला हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्याचे प्रमाण वेगळे लिहून ठेवलेले असावे. थंडीही विसरू नये. परभणीकडे हिवाळ्यात पारा एक आकड्यावर येतो.

पाणी टँकरचे असो वा बोअरचे, टाकी शेवटची कधी धुतली ते विचारावे आणि तपासणीचा अहवाल पाहावा. नळाच्या टोकाला मोकळे क्लोरिन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमच्या आत असणे इष्ट आहे, १.५ ही शेवटची मर्यादा. नांदेड आणि बीड जिल्ह्यांतल्या काही गावांत हा प्रश्न जुना आहे.

जेवणाच्या वेळी थांबावे. ज्वारीची भाकरी हे आपल्याकडचे मुख्य अन्न खरे, पण दात नसलेल्या माणसाला ती वरणात किंवा दुधात कुस्करून मिळते का, आणि ज्याला हाताने खाता येत नाही त्याच्याजवळ बसून कोणी भरवते का, हे पाहावे. भरवताना माणूस बसता केलेला असावा. आडव्या स्थितीत घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. दर महिन्याच्या वजनाची नोंद मागावी. महिन्याभरात वजन ५ टक्क्यांनी उतरले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलोंनी, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, खुबे आणि टाचा यांवर जखमा होतात. त्या जखमा काळजीचा दर्जा जितका खरा सांगतात तितका कोणताही फलक सांगत नाही. कूस बदलल्याचा तक्ता खाटेपाशी असावा. औषधांचे डबे प्रत्येकाच्या नावाचे असावेत आणि गोळी दिल्यावर देणाऱ्याने सही करावी. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत हव्यात. आपल्या मे महिन्यातल्या खोलीत त्या खराब होतात. इन्सुलिन दिल्यावर जेवण लांबले तर साखर एकदम उतरते, म्हणून स्वयंपाकघर आणि औषध देणारी मावशी यांच्या वेळा जुळतात का, हेही विचारावे.

सकाळी अकराला सगळे रहिवासी गुंगीत दिसले, तर थांबून चौकशी करावी. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती रात्री हिंडते म्हणून तिला झोपेची गोळी देणे, खाटेला बांधणे किंवा बाहेरून कुलूप लावणे हे काही ठिकाणी सोयीचे मानले जाते. ते अमानुष आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळदंडाने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. अशा व्यक्तीसाठी भिंतीने बंदिस्त पण मोकळे अंगण आणि लक्ष ठेवणारे माणूस, हाच उपाय आहे.

कागदपत्रांवर थोडक्यात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांच्या क्षमतेच्या वृद्धाश्रमाची तरतूद करतो, आणि केंद्राच्या नमुना नियमांत राहण्याच्या खोलीत माणशी किमान ७.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८० चौरस फूट जागा सांगितली आहे. खासगी संस्था पाहतानाही हे माप हाताशी ठेवावे. संस्थेची न्यास नोंदणी धर्मादाय कार्यालयात तपासावी. करारात मासिक शुल्क, अनामत परत मिळण्याची अट, दवाखान्याचा खर्च कोणाचा आणि प्रकृती बिघडल्यावर काढून टाकणार का, या गोष्टी लिहून घ्याव्यात. प्रवेशासाठी शेत किंवा घर नावावर करून मागणाऱ्या संस्थेत पाऊल टाकू नये. जवळचे मोठे रुग्णालय कोणते, मग ते संभाजीनगरची घाटी असो वा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, आणि रात्री तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे आधीच मोजून ठेवावे. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचे हे कर्मचाऱ्यांना ठाऊक असावे. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर मोफत उपचारांसाठीचे सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून त्याची प्रत फाइलमध्ये ठेवावी.

प्रवेश झाल्यावर तपासणी संपत नाही. न कळवता, वेगवेगळ्या वेळी जावे. आईची पाठ आणि टाचा पाहाव्यात, नखे पाहावीत, तिच्याशी कर्मचारी जवळ नसताना बोलावे, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही ‘कसं काय मावशी’ म्हणून विचारावे, कारण जिला भेटायला कोणी येत नाही तिच्या अवस्थेवरून संस्था ओळखता येते. काही खटकले तर आधी व्यवस्थापकांना लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. दाद लागली नाही तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आणि जिल्ह्याचे समाजकल्याण सहायक आयुक्त यांच्याकडे जावे. अर्जात तारीख, वेळ आणि जखमेचा फोटो असावा. मारहाण, उपासमार किंवा डांबून ठेवल्याची शंका असेल तर अर्ज लिहीत बसू नये, ११२ वर फोन करावा, माणसाला त्याच दिवशी तिथून हलवावे आणि सरकारी रुग्णालयात तपासून त्याची नोंद करून घ्यावी.