स्वॉर्म चालू झाला की धक्के मोजत बसू नका, नकाशा उघडा

एखाद्या भागात एका रात्रीत चाळीस-पन्नास बारीक भूकंप झाले, म्हणजे स्वॉर्म (एकाच भागात गठ्ठ्यानं येणारे भूकंप) चालू झाला, की फोनवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात, एक म्हणजे मोठा येतोय घर सोडा, आणि दुसरा म्हणजे बारीक धक्क्यांनी जमिनीतला ताण निघून जातोय, बरंच झालं. दोन्ही चुकीचे. त्यातला दुसरा मला जास्त घातक वाटतो, कारण तो वाचून माणूस निवांत झोपतो. मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंप केवढा ते सांगणारा आकडा, एकाने वाढलं की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते, म्हणजे ७ च्या एका भूकंपाची भरपाई करायला ४ चे जवळपास ३२ हजार भूकंप लागतील. तेवढे होत नसतात, ताण आहे तिथंच राहतो.

मग करायचं काय, तर आपल्यासमोर जे चाललंय ते स्वतः वाचायला शिकायचं. त्यासाठी भूगर्भशास्त्राची डिग्री लागत नाही, एक स्प्रेडशीट आणि तासभर वेळ पुरतो.

आधी स्ट्राइक-स्लिप फॉल्ट म्हणजे काय ते हाताने करून बघा. फॉल्ट म्हणजे जमिनीच्या कवचातली भेग, आणि या प्रकारच्या फॉल्टवर जमिनीचे दोन तुकडे वरखाली न होता एकमेकांना घासत आडवे सरकतात. एक कागद घ्या, डावीकडच्या कडेपासून मध्यापर्यंत एक आडवी चीर द्या, आणि उजवीकडच्या कडेपासून दुसरी, पण पहिलीच्या रेषेत नाही, दोन बोटं खाली. आता कागदाचा वरचा भाग एका बाजूला आणि खालचा दुसऱ्या बाजूला हळूहळू ओढा. दोन चिरांच्या मधला पट्टा ताणून फाटायला लागेल, आणि उलट दिशेनं ओढलंत तर तोच पट्टा चुरगळेल. खरा फॉल्टसुद्धा एकसलग रेषा नसतो, असाच तुटक असतो, आणि स्वॉर्म बऱ्याचदा या मधल्या पट्ट्यातच होतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास फॉल्टचं दक्षिण टोक आणि इम्पिरियल फॉल्ट यांच्या मधला ब्रॉली पट्टा म्हणजे असाच ताणला जाणारा तुकडा, तिथं कवच पातळ झालंय, खालून उष्णता आणि गरम पाणी वर येतं, त्यामुळं तिथं वर्षानुवर्षं स्वॉर्म होतच आलेत.

आता डेटा. यूएसजीएस या अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ संस्थेच्या साइटवर भूकंपांचा कॅटलॉग फुकट मिळतो, कुठल्याही भागाची चौकट आणि तारखा टाकायच्या आणि सीएसव्ही फाइल उतरवून घ्यायची. बारीक भूकंप हवे असतील तर त्या देशाच्या स्वतःच्या भूकंप संस्थेचा कॅटलॉग बघा, दूरच्या जाळ्यात २ किंवा ३ च्या खालचे बरेचसे सापडतच नाहीत. फाइलमधली वेळ यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ असते हे विसरू नका, नाहीतर पहाटेचा धक्का तुम्ही आदल्या रात्रीत धराल.

प्रत्येक ओळीत भूकंपाची वेळ, जागा, खोली, मॅग्निट्यूड, आणि पुढं कुठंतरी कोपऱ्यात स्टेटस आणि एरर असतात. लोक पहिले चार कॉलम बघतात आणि थांबतात. मीही तेच करायचो, आणि एकदा ओळीनं सगळ्या भूकंपांची खोली बरोबर १०.० किलोमीटर बघून मला वाटलं की खाली एक सपाट थर हलतोय. तसं काही नसतं, खोली नीट काढता आली नाही की सिस्टीम एक ठरलेला आकडा टाकून देते. तेव्हा खोलीचा गोल आकडा सारखा सारखा दिसला की तो बाजूला ठेवा, डेप्थ एररचा कॉलम बघा, आणि स्टेटस ऑटोमॅटिक असेल तर उद्यापर्यंत थांबा, माणसानं तपासल्यावर जागा आणि मॅग्निट्यूड दोन्ही बदलू शकतात.

पहिला आलेख काढा, आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर मॅग्निट्यूड. नेहमीच्या भूकंपात सगळ्यात मोठा धक्का पहिला किंवा सुरुवातीला दिसतो आणि मग आफ्टरशॉक, म्हणजे त्याच्या मागून येणारे लहान धक्के, आधी झपाट्याने, नंतर हळूहळू कमी होत जातात, त्यातला सगळ्यात मोठा आफ्टरशॉक मुख्य धक्क्यापेक्षा साधारण १.२ ने लहान असतो. स्वॉर्ममध्ये असा मुख्य धक्का दिसत नाही. गठ्ठा येतो, शांत होतं, परत गठ्ठा येतो, आणि सगळ्यात मोठा कधीही मधेच येतो. २६ ऑगस्ट २०१२ ला ब्रॉलीत सकाळपासून बारीक धक्के चालू होते, दुपारी ५.३ चा झाला, लोकांना वाटलं असणार की झालं ते झालं, आणि दीड तासाच्या आत ५.४ चा आला, काही मोबाइल होम पायावरून सरकली. म्हणून स्वॉर्म चालू असताना "मोठा होऊन गेला" हे वाक्य तोंडात आणू नका.

खरी गोष्ट दुसऱ्या आलेखात असते, ती म्हणजे नकाशा. ठिपक्यांना तारखेनुसार रंग द्या, जुने निळे, नवे लाल, आणि त्याच नकाशावर माहीत असलेले फॉल्ट काढा. तीन गोष्टी बघायच्या. ठिपके रेषेत आहेत का, रेषा मोठ्या फॉल्टला समांतर आहे की आडवी छेदते, आणि रंग एका दिशेला सरकतोय का. आडवी रेषा म्हणून दुर्लक्ष करायचं नसतं. नोव्हेंबर १९८७ मध्ये याच भागात आधी आडव्या फॉल्टवर ६ च्या पुढचा भूकंप झाला आणि साधारण १२ तासांच्या आत मुख्य सुपरस्टिशन हिल्स फॉल्टवर त्याहून मोठा.

सरकण्याचा वेग पण मोजा. ठिपके तासाला शेकडो मीटर पळत असतील तर बहुतेक खाली फॉल्ट भूकंप न करता गुपचूप सरकतोय आणि बारीक धक्के त्याच्यामागून फुटतायत. महिनोन्महिने मुंगीच्या पावलाने पसरत असतील तर पाणी चिरांमधून वाट काढतंय असं समजायला जागा आहे, पाण्याचा दाब वाढला की दोन बाजूंना दाबून धरणारी पकड सैल होते. कॅलिफोर्नियातलाच काहुइला स्वॉर्म असा २०१६ ते २०१९ चालला, २२ हजारांहून जास्त धक्के आणि सगळ्यात मोठा फक्त ४.४ चा. जपानमधल्या मात्सुशिरोला तर ऑगस्ट १९६५ पासून दोनेक वर्षं जमीन हलत होती, ७ लाखांवर धक्के नोंदले गेले, त्यातले ६० हजारांहून जास्त माणसांना जाणवले, आणि शेवटी जमिनीतून पाणीच बाहेर आलं.

बीचबॉलचं चित्र, म्हणजे भूकंपात जमीन कशी सरकली ते दाखवणारा काळा-पांढरा गोल, मिळालं तर तेही बघा. काळे-पांढरे चार तुकडे मधोमध एकमेकांना भेटत असतील तर स्ट्राइक-स्लिप, मधे पांढरं आणि कडेला काळं असेल तर जमीन ताणली जातेय, मधे काळं असेल तर दाबली जातेय.

पण एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो अंतराचा विचारा, ठिपके मोठ्या फॉल्टपासून किती लांब आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सी तलावाच्या काठी बॉम्बे बीच गावाजवळ स्वॉर्म झाला, सगळ्यात मोठा ४.३ चा, म्हणजे एरवी कुणी लक्ष दिलं नसतं. तरी अधिकृत सूचना निघाली, कारण ठिपके सॅन अँड्रियासच्या दक्षिण टोकाला अगदी लागून होते आणि तो तुकडा ३०० वर्षांत मोठा फुटलेला नाही. आठवड्याभरात ७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता तेव्हा ३००० मध्ये १ ते १०० मध्ये १ एवढी धरली होती. म्हणजे वरच्या टोकाचा आकडा धरला तरी ९९ वेळा काहीच होणार नाही. आणि झालंही नाही. ती सूचना चुकीची नव्हती, शक्यता नेहमीपेक्षा कितीतरी पट वाढलेली होती एवढंच ती सांगत होती, आणि दिवस शांत गेले तशी ती परत उतरली. असा आकडा वाचताना दोन्ही बाजू धरा, नेहमीपेक्षा किती वाढली आणि मुळात किती आहे.

या वाढलेल्या दिवसांत घर सोडून पळायचं नसतं, घरातली कामं उरकायची असतात. पलंगाच्या डोक्याशी असलेलं उंच कपाट भिंतीला पट्टीने आवळा किंवा पलंग तरी हलवा, वरच्या फळीवरचं जड सामान खाली घ्या, गॅस कुठून बंद होतो ते घरातल्या प्रत्येकाला एकदा स्वतःच्या हाताने करायला लावा, माणशी रोजचे ४ लिटर धरून काही दिवसांचं पाणी भरा. पलंगाखाली बूट आणि टॉर्च एका पिशवीत बांधून ठेवा, कारण रात्री धक्का बसला की जखम बऱ्याचदा फुटलेल्या काचेवर पाय पडून होते. धक्का चालू असताना धावायचं नाही, खाली बसायचं, टेबलाखाली शिरायचं, टेबलाचा पाय धरून ठेवायचा, अंथरुणात असाल तर तिथंच पालथं होऊन उशी डोक्यावर घ्यायची.

आणि आलेख रोज त्याच वेळेला, तेवढीच चौकट आणि तेच किमान मॅग्निट्यूड ठेवून काढा. आज १ पासून आणि उद्या २ पासून मोजलंत तर स्वॉर्म संपल्यासारखा दिसेल, आणि खाली जमीन तशीच हलत असेल.