गादीवाफ्याला फळ्या लावताय? या चुका टाळा

परसात मेथी-पालकासाठी फळ्यांचे दोन गादीवाफे केले, तेव्हा वाळवीच्या धास्तीने मी गॅरेजमधून काळं ऑइल आणलं आणि सगळ्या फळ्यांना दोन हात फासलं. शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या. "अरे, ते मेथीत उतरणार नाही का?" त्या रात्री वाचत बसलो. इंजिनच्या झिजेतले धातू आणि कर्करोगाशी संबंध असलेली संयुगं, दोन्ही त्या तेलात असतात. सकाळी फळ्या उपटल्या आणि त्यांना लागलेली माती पोत्यात भरून बाजूला काढली. गोठ्याच्या मेढीला लोक हेच तेल लावतात. पण मेढीपाशी आपण कोथिंबीर लावत नाही.

तेव्हापासून वखारीत गेलो की मी लाकडाच्या जातीआधी ते कुठून आलं हे विचारतो.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या भंगारवाल्यांकडे पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, स्वस्त मिळतात. परदेशवारी केलेल्या पॅलेटवर ओंबीच्या चिन्हाचा शिक्का असतो. त्यात 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटं तापवलेलं असतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीडनाशक वायूची धुरी दिलेली. ते घेऊ नका. पण शिक्का चांगला निघाला म्हणून लगेच पैसे काढायचे नाहीत. पॅलेटवर नंतर काय सांडलं, हे शिक्क्याला काय ठाऊक? फळी नाकाशी धरा. डाग किंवा उग्र वास असेल तर सोडून द्या.

हिरवट झाक असलेल्या जुन्या फळ्या, विशेषतः कारखान्यांच्या कूलिंग टॉवरमधून निघालेल्या, कीड-कूज लागू नये म्हणून तांबं-क्रोमियम-आर्सेनिकच्या द्रावणात मुरवलेल्या असू शकतात. अमेरिकेत घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी हे द्रावण 2003 च्या अखेरीस बंद झालं. असे तुकडे थंडीत बंबातही घालू नका, आर्सेनिक धुरात आणि राखेत येतं. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर क्रिओसोटमध्ये, म्हणजे डांबरापासून काढलेल्या विषारी तेलात, भिजवलेले असतात. त्यांचा विचारच नको. प्लायवुड तर एका पावसात फुगतं.

जुन्या नाशकात वाडा पाडला की सागाच्या तुळया विकायला येतात. बिनरंगाची तुळई मिळाली तर नशीबच. दारं-खिडक्यांच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये मात्र शिसं असू शकतं. शिशासाठी 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे लागू झाली ती नोव्हेंबर 2017 पासून. घासून रंग काढू म्हणाल, तर तीच धूळ घरभर होते.

मग घ्यायचं काय? सागाचा गाभा, कारण फळीची पांढरी कड वाळवी आधी खाते. बाभूळही चालते. आंबा स्वस्त पडतो, पण लवकर कुजतो. मी तो घेतो आणि बदलतो. फळी मातीवर न टेकवता विटांवर ठेवा. लांब फळीला मध्ये आडवा ताण हवाच, नाहीतर पावसाळ्यात काळी माती फुगते आणि फळीला पोट येतं.

तेल लावायचंच असेल तर घाण्याचं कच्चं जवस तेल लावा. रंगाच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' नको, त्यात लवकर सुकावं म्हणून बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात. कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, तेवढं थांबा. आणि तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकते. दोरीवर मोकळी पसरून वाळू द्या.